निधान

आधी गॅस, मग ऑक्सिजन.
बंद करताना आधी ऑक्सिजन, मग गॅस.
तळहातावर पेनने लिहून नेलं होतं,
उद्यमबागेच्या स्टॉपवर उतरेपर्यंत
घामाने पुसून गेलं.

फाउंड्रीच्या मागचा गाळा.
गुरुपादप्पा इथे कॉलेजांच्या फुटक्या ब्युरेट जोडून देतात.
माझं शहापुरात बांगड्यांचं दुकान.
सेहेचाळीस वर्षं काचेत गेली,
तिला मऊ झालेली कधी पाहिली नव्हती.

टॉर्च फुसफुसली, मग निळी सुई झाली.
मी काचेची कांडी सरळ तिच्या पोटात खुपसली.
टिच्च.
एक तुकडा टेबलावर, एक माझ्या पदरात.
"निधान," गुरुपादप्पा म्हणाले.

अर्थ ठाऊक आहे मला.
बसमधून उतरताना कंडक्टर रोज तेच म्हणतो,
सावकाश, बाई, सावकाश.
पण माझा कान आईच्या बाजूचा,
त्याला आधी पुरलेला हंडाच ऐकू येतो.

आधी ज्योतीच्या शेंड्याशी, लांबून.
ओळख करून द्यायची.
मग जवळ. मग आणखी थोडी.
काच काकवीसारखी ओघळायला लागते,
आणि तेव्हा सळई फिरवत राहायची,
"तिरुगसू, तिरुगसू,"
थांबलीस की मण्याचं पोट सुटतं.
माझ्या सगळ्या मण्यांची पोटं सुटली.
इतकी वर्षं दुसऱ्यांची मनगटं फिरवून बांगड्या भरल्या,
स्वतःचं मनगट एवढं अडाणी असेल असं वाटलं नव्हतं.

जांभळट चष्मा लावला की पिवळा भडका नाहीसा होतो,
आत काय चाललंय ते दिसतं.
रंग मात्र नाही दिसत.
तापलेली काच आपला रंग सांगत नाही.
हिरवी की लाल,
निवल्यावर.

निववायचं म्हणजे कोमट राखेच्या डब्यात पुरायचं
आणि उद्यापर्यंत हात लावायचा नाही.
मी लावला.
दोनदा.

दुकानाच्या कोपऱ्यात तेलाचा जुना डबा आहे,
त्यात वाढवलेल्या बांगड्यांचे तुकडे.
फुटली म्हणायचं नाही आमच्यात, वाढली म्हणायचं,
म्हणून डबा भरत आलाय.
त्यातले दोन हिरवे तुकडे नेले,
वितळवून एकावर एक गुंडाळले.
पहिला गोल मणी!
दुसऱ्या दिवशी राखेत दोन अर्धी निघाली,
बरोबर सांध्यावर उललेली.

गुरुपादप्पांनी ती चिमटीत धरली.
"दोन काच हाय हे," आपल्या मराठीत म्हणाले,
"एक जास्त आखडतंय, एक कमी.
बघायला सारखंच."
गाळ्यावरच्या पाटीची एक ओळ
कुणीतरी डांबराने काळी केलेली आहे.
रोज आम्ही दोघं तिच्याखालून आत येतो.
मी काही म्हणाले नाही. तेही नाही.
चहा आला.

अठरावा मणी सळईलाच चिकटला,
खानापूरच्या कुंभाराची माती मी पातळ कालवली होती.
एकोणिसावा सुटला.
वाकडा, एका अंगाला फुगीर,
पण आरपार भोक, आणि त्यातून
फाउंड्रीचा धूर, एक रिक्षा, थोडं आकाश.
गुरुपादप्पांनी तो कानापाशी हलवला, का कोण जाणे,
आणि परत दिला.

आज दुकानात येळ्ळूरची एक बाई आली,
हात कामाचा, अंगठ्याचा सांधा जाड.
मूठ दाबता दाबता माझ्याच तोंडून निघालं,
निधान.
तिने वर पाहिलं. हात सैल सोडला.
डझनभर हिरव्या एकामागून एक चढल्या,
फक्त तिची जुनी एक वाढली.

ती गेल्यावर मी तुकडा डब्यात टाकायला गेले,
टाकला नाही.
दारात येऊन उन्हात धरला,
उलटा केला, सुलटा केला.
कुठल्या भट्टीचा,
काही केल्या कळेना.